वरची धार

आमच्या परमिट रूममध्ये मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा माझं वय चौतीस होतं. त्याआधी एकोणीस वर्षं मी त्याच दुकानाचे हिशेब लिहीत होते.

घरात 'बार' हा शब्द कुणी काढायचं नाही. 'दुकान' म्हणायचं. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात, तर आईने शिकवल्याप्रमाणे मी 'हॉटेल आहे' सांगायचे. दहावीच्या सुट्टीत आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एक लांबलचक रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि बेरीज चुकत नव्हती, एवढंच कारण. उत्पादन शुल्क खात्याचा साहेब केव्हाही तपासणीला येतो, आणि कपाटातल्या बाटल्या नि रजिस्टरमधला आकडा जुळला नाही तर परवान्यावर येतं, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. सुरुवातीची शिल्लक, आवक, विक्री, अखेरची शिल्लक. ब्रँडवार, आणि बाटलीच्या आकारावार. सातशे पन्नासची वेगळी, एकशे ऐंशीची वेगळी, नव्वदची वेगळी. बिअरची साडेसहाशेची बाटली वेगळी. ज्या बाटल्या मी हातात धरल्या नव्हत्या त्यांची नावं मला पाढ्यांसारखी पाठ झाली.

पब हा शब्द पुण्या-मुंबईचा. आमच्या भुसावळात 'परमिट रूम आणि बिअर बार' अशी पाटी असते, आत बारा टेबलं, एक कूलर, मागे स्वयंपाकघर आणि काउंटरवर मालक. गिऱ्हाईक ठरलेलं. रेल्वेतले लोक, दीपनगरच्या वीज केंद्रातले, ऑर्डनन्स फॅक्टरीतले, सावदा-रावेरकडून केळीचे ट्रक भरून निघालेले व्यापारी. कुणाची पाळी दोनला सुटते, कुणाची दहाला. पगाराच्या आठवड्यात जागा मिळत नाही, वीस तारखेनंतर माश्या मारायच्या. दारूइतकीच आमची शेवभाजी चालते, आणि हिवाळ्यात भरताची वांगी आली की भरीत-भाकरीसाठी न पिणारेही मागच्या दाराने पार्सल न्यायला येतात. त्या मागच्या दारापर्यंत मी जात असे. पुढे नाही. गावातली कुठलीच बाई जात नव्हती.

त्या दाराशी मला बापू भेटायचे. बापू म्हणजे आमचे जुने वेटर, पारोळ्याकडचे, घरातली बोली अहिराणी. आठवण अशी, की बाराही टेबलांचा हिशेब डोक्यात. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या मागे पेन्सिलीने खुणा करायचे: सहाला तीन लार्ज, एक शेवभाजी, दोन भाकरी, एक मसाला पापड. सोड्याच्या रिकाम्या बाटल्या टेबलाखालून उचलायच्या नाहीत, कारण गिऱ्हाईक 'मी चारच घेतले' म्हणालं की त्या मोजून दाखवायच्या. रात्री बारा वाजता ते चंदेरी कागद, काउंटरवरच्या चिठ्ठ्या आणि गल्ल्यातले पैसे एका कापडी पिशवीतून घरी यायचे. सकाळी चहा पिता पिता मी ते उलगडायचे. अर्ध्या चिठ्ठ्या रश्शाने भिजलेल्या, काही फाटलेल्या, काही नसलेल्याच.

आणि मग तूट निघायची.

तूट हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द. लहान पेग तीस मिली, मोठा साठ. सातशे पन्नासच्या बाटलीतून मोठे साडेबारा निघाले पाहिजेत. बाटल्या अमुक फुटल्या, पेग तमुक विकले, मधली दारू गेली कुठे? प्रश्नाचं उत्तर शोधायला काहीच साधन नव्हतं. चिठ्ठीच लिहिली नसेल, लिहून हरवली असेल, कुणी प्यायलं असेल, कुणी पैसे खिशात घातले असतील. साधन नसलं की संशय येतो, आणि संशय नेहमी पगारदार माणसाकडेच वळतो. निम्मी तूट आप्पा स्वतः सोसत, निम्मी काउंटरवरचा मुलगा आणि बापू यांच्या पगारातून कापत. सगळीकडे असंच चालायचं, आजही पुष्कळ ठिकाणी चालतं. वहीत ती ओळ मी लिहायचे. 'बापू, तूट, ८००.' सुंदर अक्षरात.

एकदा मागच्या दाराशी बापू आप्पांना म्हणाले, "आप्पा, मन्हा हिसाब बरोबर शे." आवाज चढवला नाही. आप्पाही रागावले नाहीत. "मग बाटली खोटं बोलते का बापू?" एवढंच म्हणाले. मी तिथे भरताचा डबा घेऊन उभी होते. २०१६ साली काउंटरवरचा मुलगा कंटाळून सुरतेला निघून गेला. चोर म्हणून गेला असंच आम्ही समजलो.

१५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद. अपघात थांबावेत म्हणून दिलेला निकाल होता, आणि त्या कारणाशी माझं भांडण नाही. पण आमचं दुकान त्या मापात बसलं, आणि १ एप्रिल २०१७ ला शटर खाली आलं. बापू सावद्याकडे केळीच्या वखारीवर घड उचलायला गेले. पन्नाशीचा माणूस. जुलैत न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना ही मनाई लागू नाही, मग कागद फिरू लागले. पण तोवर १ जुलैला जीएसटी आला होता. जुन्या बिलबुकांचा गठ्ठा कपाटात, आणि ती सगळी निकामी.

इथे जरा थांबून सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ही गुंतागुंत माहीत नसते. मानवी सेवनाचं मद्य जीएसटीच्या बाहेर ठेवलेलं आहे. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच बिलात, शेवभाजीवर जीएसटी आणि व्हिस्कीवर राज्याचा व्हॅट. शेवभाजीचा कर पुन्हा दोन ठिकाणी विभागायचा, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. सुरुवातीला दारूचा परवाना असलेल्या हॉटेलच्या जेवणावर १८ टक्के होता, आणि १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो ५ टक्के झाला. रात्री साडेअकराला, समोर पाच जण वेगवेगळे पैसे देतो म्हणत असताना, हे हाताने कोण मांडणार? बापूंची स्मरणशक्ती अफाट होती, पण तिच्यावर हा बोजा टाकणं अन्याय होता.

म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. कागदावर त्याला पॉइंट ऑफ सेल म्हणतात, पीओएस. आमच्याकडे सगळे 'मशीन'च म्हणतात. एक स्पर्शाचा पडदा, एक पैशांचा ड्रॉवर, तीन छोटे प्रिंटर (काउंटरला एक, स्वयंपाकघरात एक, बिलाला एक) आणि वेटरच्या हातात एक टॅब. मेनू, भाव, बाटल्यांची मापं भरायला कुणीतरी हवं होतं. भाऊ पुण्यात नोकरीला. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "दुकान बंदच आहे. चल."

असं माझं पाऊल आत पडलं. ऑगस्टची दुपार होती. आत अंधार, कोंदट वास, खुर्च्या टेबलांवर उलट्या. जे बारा नंबर मी एकोणीस वर्षं लिहीत आले होते, ते भिंतींवर तेलरंगात लिहिलेले दिसले. सहा नंबर खिडकीशी आहे हे मला तेव्हा कळलं. चार नंबरवर नेहमी एकच माणूस का बसतो, तेही कळलं: ते टेबल खांबामागे आहे, दारातून दिसत नाही. मी बराच वेळ नुसती फिरत राहिले.

मशीन बसवायला आलेल्या मुलाने मेनू तयारच आणला होता. त्यात पनीरचे सतरा प्रकार, शेवभाजी एकही नाही. दोन दिवस मी बसून एकेक पदार्थ घातला. शेवभाजी, पातोडी, फौजदारी डाळ, भरीत, कळण्याची भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण. प्रत्येकाखाली सूचना: तिखट जादा, रस्सा वेगळा, तेल कमी. पहिली ऑर्डर स्वयंपाकघरात छापून गेली तर नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग. प्रिंटरला देवनागरी येत नव्हती. आमच्या आचाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तो कागद चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि खाली ठेवला. तो मुलगा म्हणाला, इंग्रजीतच ठेवा, शिकतील. मी हट्ट धरला. अक्षरं चित्र म्हणून छापायची सोय त्यात होती, ती शोधायला एक अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कागद सरसरत बाहेर आला, 'टे. ६, शेवभाजी १, तिखट जादा', आणि आचाऱ्यांनी तो मोठ्याने वाचला.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. हे बिल छापणारे प्रिंटर शाई वापरत नाहीत. कागदालाच रसायन लावलेलं असतं, उष्णता लागली की ते काळं पडतं. आता भुसावळचा मे महिना आठवा. पारा ४५ च्या पुढे, आणि त्यात आमच्या स्वयंपाकघरात भट्टीपासून दोन हातांवर प्रिंटर. पहिल्याच उन्हाळ्यात ऑर्डरी राखाडी होऊ लागल्या, अक्षर आणि कागद एकाच रंगाचे. केळीच्या एका व्यापाऱ्याने गाडीच्या काचेपाशी ठेवलेलं बिल दुपारी पूर्ण काळं होऊन परत आणून दाखवलं, "तुमचं मशीन जळालं का?" प्रिंटर खिडकीखाली सरकवला, वर पत्र्याचा आडोसा केला, रोल मातीच्या माठाशेजारच्या कपाटात ठेवायला लागलो. तेव्हा सुरळीत झालं.

बाकी मशीनचं काम काय, तर थोडक्यात असं. दुकान पुन्हा उघडल्यावर परत आलेले बापू टेबलाशी उभे राहून टॅबवर बोट लावतात. दारूची ऑर्डर काउंटरला छापून येते, जेवणाची आत. काउंटरवर कागद आल्याशिवाय बाटली तिरकी करायची नाही, हा एकच नियम. एक लार्ज छापला की त्या ब्रँडच्या साठ्यातून साठ मिली आपोआप वजा. बिलात दारू वेगळी, जेवण वेगळं, कर आपापल्या रकान्यात. गिऱ्हाईक एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं तर बिलही जातं. बिल पाच जणांत वाटून मिळतं. पुढे क्यूआर कोड आला तेव्हा सुट्ट्यांची कटकटही गेली, नाहीतर दोन रुपयांऐवजी बडीशेपेची पुडी द्यायची नि शिव्या खायच्या. वीज गेली तर इन्व्हर्टर, इंटरनेट गेलं तर सगळं त्याच डब्यात साठून राहतं आणि लाइन आली की वर जातं. २ ऑक्टोबर किंवा मतमोजणी अशा मद्यविक्री बंद असलेल्या दिवशी मद्याची यादीच बंद करून ठेवता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूमचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, तेव्हा पहिल्या रात्री गिऱ्हाइकांची समजूत घालावी लागली, पण हिशेबात मला एकच आकडा बदलावा लागला.

आणि रात्री दुकान बंद झालं की माझ्या फोनवर संदेश येतो. एकूण विक्री, रोख, ऑनलाइन, उधार, रद्द झालेल्या ऑर्डरी, ब्रँडवार शिल्लक. जे सकाळी रश्शाच्या डागांतून उकलावं लागायचं, ते रात्रीच स्वच्छ समोर. एप्रिल लागला की बिअर किती मागवायची, पगाराच्या आठवड्यात आचाऱ्यांना मदतनीस कधी लागेल, दोनची पाळी सुटल्यावर किती भाकऱ्यांचं पीठ लागतं, हे मी घरी बसून सांगू लागले. आप्पा गमतीने म्हणत, हिला दुकान माझ्यापेक्षा जास्त दिसतं.

खरं तर याच दिसण्याविषयी मला लिहायचं आहे.

मशीन आलं तरी तूट थांबली नाही. चार महिन्यांनी मी हिशेब काढला आणि छातीत धस्स झालं. महिन्याला आठ बाटल्या कमी. आप्पांनी नेहमीप्रमाणे बापूंचं नाव घेतलं. मी पेन उचललं, आणि पहिल्यांदाच हात थांबला. कारण आता गोष्ट बदलली होती. पूर्वी दोन शंका एकमेकींत मिसळलेल्या असायच्या: पेग लिहिला गेला नाही, की लिहिला तेवढाच ओतला गेला नाही? आता कागदाशिवाय बाटली उचलत नव्हतं कुणी. बापू बाटलीला हातच लावत नव्हते. म्हणजे विक्री पूर्ण लिहिलेली होती, पैसे पूर्ण जमा होते, आणि तरी दारू कमी होती. मग चूक ओतण्यातच असणार.

मी सांगितलं, साठा दिवसातून दोनदा मोजा. एकदा रात्री नऊला, एकदा बंद करताना. आठवडाभर मोजला. नऊपर्यंत दहा-वीस मिलीचा फरक, तो कुठेही पडतो. नऊनंतर रोज दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे. नऊला काउंटरवरचा नवा मुलगा शेवटची गाडी पकडायला निघतो. त्यानंतर काउंटरला आप्पा असत.

आप्पांना ओतताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी मागच्या दाराच्या फटीतून पाहिलं. माप भरलं, ग्लासात रिकामं केलं, आणि बाटली सरळ करता करता वरून एक बारीक धार सोडली. कुणाशी तरी बोलत होते, ग्लासाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं नऊनंतरच का येतात, ते मला तेव्हा उमगलं. ती धार म्हणजे आप्पांची माया होती. निवृत्त झालेला गार्ड, बदली होऊन आलेला फिटर, बायको गेलेला तो चार नंबरवाला, या सगळ्यांना ते 'या, बसा' म्हणत होते, त्या धारेने. दहा मिली. रोज वीस पेग. महिन्याला सहा लिटर. आठ बाटल्या.

पुढे कधीतरी मी वाचलं की हे बिलाचं यंत्र जन्मलंच मुळी दारूच्या दुकानात. अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन गावी, जेम्स रिटी नावाच्या माणसाचं सलून होतं. सलून म्हणजे तिकडचा बार. नोकर गल्ल्यातले पैसे मारतात म्हणून तो हैराण होता. युरोपच्या बोटीवर असताना त्याने इंजिनाच्या खोलीत बोट ढकलणाऱ्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, पैसे असे का मोजता येऊ नयेत? भावाच्या मदतीने त्याने यंत्र बनवलं, ४ नोव्हेंबर १८७९ ला पेटंट मिळालं. नाव ठेवलं 'लाच न खाणारा कॅशियर' अशा अर्थाचं. आज जगभर जे काउंटरवर दिसतं त्याचा हा मूळपुरुष.

ते वाचून मी खूप वेळ अस्वस्थ होते. मालकाच्या संशयातून जन्मलेलं यंत्र ते. मालकाने नोकरावर नजर ठेवण्यासाठी. आमच्याकडेही त्याच हेतूने आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण यंत्राला मालक कोण, नोकर कोण, हे कळत नाही. ते फक्त मोजतं. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला मोजमापाची गरज नसते, त्याचा शब्दच पुरतो. बापूंकडे शब्द होता, पण त्याला वजन नव्हतं. ते त्यांना मिळालं चार महिन्यांच्या नोंदींतून. तंत्रज्ञानाने धंदा वेगवान होतो, चुका कमी होतात, हे सगळं मान्य. माझ्यासाठी त्याची किंमत त्या एका गोष्टीत आहे.

आप्पांना सांगणं सोपं नव्हतं. मी कागद छापला, नऊच्या आधीचा रकाना आणि नंतरचा, आणि चहासोबत पुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. चहा निवला. मग म्हणाले, "जुन्या वह्या काढ."

सगळ्या ओळी आम्ही बसून शोधल्या. माझ्याच अक्षरातल्या. छत्तीस महिन्यांत बापूंच्या नावावर सव्वीस नोंदी, बेरीज १७,३५० रुपये. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी आप्पांनी बापूंना घरी बोलावलं, सोप्यावर बसवलं, आईने खापरावरचे मांडे केले होते ते वाढले. जेवण झाल्यावर पाकीट दिलं. आप्पांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. बापूंनी पाकीट उघडून पाहिलं नाही, बंडीच्या खिशात घातलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी सांगेल होतं ना." मान हलवण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

सुरतेला गेलेल्या मुलाच्या नावावर ९,८०० निघाले. त्याचा पत्ता कुणाकडे नव्हता. गावाकडचं घरही बंद होतं. ते पैसे एका लिफाफ्यात अजून कपाटात आहेत.

धार बंद करा, असं मी आप्पांना म्हणू शकले असते. भाऊ फोनवर तेच म्हणत होता. पण मला ते पटलं नाही. ती धार बंद झाली असती तर नऊनंतरचं दुकानच बंद पडलं असतं, आणि त्याहून मोठं म्हणजे आप्पांच्या हाताचं जे काही होतं ते गेलं असतं. चूक देण्यात नव्हती. दिलेलं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि त्याची भरपाई दुसऱ्याच्या पगारातून होत होती, ही चूक. म्हणून मी मेनूत एक ओळ घातली. 'वरची धार, १० मिली, ० रुपये.' पडद्यावर एक छोटा चौकोन. धार सोडली की आप्पांनी तो दाबायचा. सुरुवातीला विसरायचे, बापू आठवण करायचे. महिन्याभरात सवय लागली. रात्रीच्या संदेशात विक्रीच्या आकड्यांखाली नवी ओळ येऊ लागली: वरची धार, १७. वरची धार, २१. साठा मिलीमिलीने जुळू लागला. खर्च आप्पांच्या खात्यात.

मशीनला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत, त्या मी विसरत नाही. कुणाला आता पुरे म्हणायचं, हे त्याला कळत नाही. ते बापूंना कळतं. गिऱ्हाईक टेबलाच्या कडेला हात घट्ट धरायला लागलं की बापू ऑर्डर दाबत नाहीत, पाण्याची बाटली ठेवतात आणि आचाऱ्यांना न विचारताच गरम भाकरी आणून देतात. मशीनला उधारीची नोंद ठेवता येते, पण एका घरची बाई मागच्या दाराशी येऊन 'त्यांना देऊ नका हो' म्हणते, ते कुठल्या रकान्यात घालायचं? अशा दोघी आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यांना आम्ही दिलं नाही, दुसरीकडे मिळालंच असेल. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून, 'आडवी बाटली'ला कौल देऊन दुकानं बंद पाडली आहेत, आणि ते वाचताना मी दुकानदाराची मुलगी म्हणून नाही, त्या रांगेतली बाई म्हणून वाचते. या धंद्याची वकिली मी करत नाही. पण धंदा आहे तोवर त्यात राबणाऱ्या माणसाचा हिशेब चोख असावा, यावर मात्र मी कुणाशीही भांडेन.

२०२० च्या मार्चमध्ये पुन्हा शटर खाली आलं, ५ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांवर उघडलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आप्पा गेले. परवाना आईच्या नावावर झाला. जिने त्या दुकानाचा उंबरा आजवर ओलांडलेला नाही, तिचं नाव आज पाटीखाली आहे. मी आठवड्यातून तीनदा जाते, पुढच्या दाराने. पहिल्या काही महिन्यांत माना वळायच्या, आता वळत नाहीत.

नऊनंतर काउंटरवर बापू असतात. माप भरतात, रिकामं करतात, बाटली सरळ धरतात. दहा मिली इकडचे तिकडे होत नाहीत. त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी तो चौकोन पडद्यावरून काढला नाही. वर्षभर त्या ओळीपुढे शून्य येत होता.

पुढच्या एप्रिलमध्ये, आप्पांच्या वर्षश्राद्धाच्या रात्री, पावणेबाराला फोन वाजला. विक्री नेहमीचीच. रोख, ऑनलाइन, उधार. रद्द ऑर्डर एकही नाही. खाली लिहिलं होतं: वरची धार, १. टेबल ४.